उजवीकडचं काळीज

तमाम नागरिकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझे काळीज उजव्या बाजूला असून यकृत डाव्या बाजूला आहे, आणि या दोघांनी सेहेचाळीस वर्षे मला त्याचा पत्ता लागू दिला नाही.

लागला तो पोटदुखीमुळे. ओटीपोटात, डावीकडे दुखत होतं. आमच्या सोलापुरात तिथं दुखलं की तो मुतखडाच. त्याला डॉक्टर लागत नाही, शेजारी पुरतात. मोहोळला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माझा मेहुणा पिशवीभर पानफुटी घेऊन हजर झाला.

"दाजी, रोज सकाळी दोन पानं चावायची, वर हुलग्याचं पाणी. खडा ऱ्हातोय कुटं?"

दोन दिवस मी शेळीच्या निष्ठेने पाला खाल्ला. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा बायकोने कुणाचंही न ऐकता रिक्षा बोलावली.

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई माझं यकृत उजवीकडे शोधत राहिल्या. मग यंत्र डावीकडे नेलं आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"तुम्हाला हे आधी कुणी सांगितलं नाही?"

एकाला संधी होती. चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला लागताना माझ्या छातीचा एक्स-रे काढला होता. तिथल्या गृहस्थांनी फिल्म उजेडात धरली, "उलटी धरली की," असं पुटपुटत फिरवली आणि शिक्का मारला. मनगटाच्या एका झटक्यात मी फिट.

सर्जन आले. आतलं सगळं आरशातल्यासारखं, म्हणून अपेंडिक्सही डावीकडे. आणि ते फुटायला टेकलेलं. "आत्ताच ऑपरेशन करावं लागेल. फुटलं तर जिवावर बेतेल," ते म्हणाले. बायकोने घाबरून मेहुण्याला बोलावून घेतलं. मी मात्र रुबाबात निघालो. मला बघायला अर्धं हॉस्पिटल दारात उभं होतं. एवढी माणसं माझ्या लग्नालाही नव्हती.

पुढचं बायकोने सांगितलं. सर्जन तासाभराने बाहेर आले.

"वेळेवर आणलंत. धोका टळला. अपेंडिक्स काढलं. बाकी उलटं आहे, पण उत्तम चाललंय."

बायको बाकावर बसून रडायला लागली. मेहुण्याने मोठा श्वास सोडला, डोळे पुसले, आणि त्याच्यातला मेकॅनिक जागा झाला.

"डॉक्टरसाहेब, खोललंच हुतं तर बाकीचं बी जागच्या जागी बसवून टाकायचं की."