वाचून दाखवायचं राहिलं

मायला वाचता येत नव्हतं. शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र तिला निम्मंअर्धं पाठ होतं, कारण आमच्या घरात रोज सकाळी एक अध्याय मोठ्यानं वाचला जायचा. आधी वडील वाचायचे. ते गेल्यावर मी वाचू लागले. चहा व्हायचा, माय पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसायची, मी वाचायची आणि शेवटी दोघी मिळून प्रार्थना करायचो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्यानंतर मी दवाखाना उघडायची.

शेलूबाजारपासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथं दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि मी तिथली नर्स. मागच्या खोलीत आम्ही मायलेकी राहत होतो. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी वाशीमहून एसटीनं यायचे. बाकीचे पाच दिवस मी आणि झाडपूस करणारी एक बाई. माझं लग्न झालं नव्हतं. जमलं नाही, एवढंच. गावात ख्रिस्ती घरं चार. मायच्या माहेरची सगळी माणसं छप्पन सालानंतर बौद्ध झाली होती. तिचा भाऊ एकदा तिला म्हणाला होता, "तुमी एकल्याच राह्यल्या बाई तिकडं." माय म्हणाली, "एकली कायची? प्रभू हाय ना." तिला हे म्हणताना जोर लावावा लागायचा नाही. मला लागायचा. पण रोजच्या त्या पंधरा मिनिटांमुळे माझंही निभत होतं.

चौऱ्याहत्तर किंवा पंच्याहत्तर साल असेल. श्रावण अर्धा सरला होता आणि आमच्याकडे जुलाब-वांतीची साथ आली. एका सकाळी मी पुस्तक उघडलं आणि दारात बैलगाडी थांबली. एकाच घरातली सासू आणि सून, दोघींचे डोळे खोल गेलेले. मी पुस्तक मिटलं.

"माय, उद्या वाचू."

"बरं," माय म्हणाली.

उद्या तीन गाड्या आल्या. परवा तर उजाडायच्या आत ओट्यावर माणसं निजलेली होती. खाटा दोनच होत्या. आम्ही जमिनीवर पोती अंथरली, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. बाटल्या संपल्या की मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत बसायचं. स्टोव्हवर सुया उकळायच्या, विहिरीत पावडर टाकायला माणूस धाडायचा, ओकाऱ्या धुवायच्या. डॉक्टर आले की मधल्या दिवसांत साचलेली माणसं त्यांच्यासमोर उभी करायची. मी उभ्यानंच भाकर खायची. देवाचं नाव घ्यायची ते सुई टोचताना शीर सापडावी म्हणून, तेवढंच.

माय पहिले चार-पाच दिवस रोज पदर घेऊन भिंतीला टेकून बसायची. मी आत आले की माझ्या तोंडाकडे पाहायची आणि उठून कामाला लागायची. असे पंधरा दिवस गेले असतील. एका सकाळी तिनं मला हाताला धरून थांबवलं.

"दोन ओळी तरी वाच ना बाई. तुलेच बरं वाटन."

त्या पहाटे सात-आठ वर्षांची एक पोरगी माझ्या हातात गेली होती. तिचा बाप बाहेर ओट्यावर बसला होता, त्याला अजून उठवत नव्हतं. मी मायचा हात झटकला.

"मानसं मरून राह्यले माय, अन तुले वाचन सुचून राह्यलं?"

त्या दिवसानंतर तिनं मला वाच म्हणून कधीच म्हटलं नाही.

आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे. गावच्या शाळेत होते, बौद्ध, चाळिशीचे, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो होता, बुद्धाची मूर्ती होती. देव-बिव त्यांना मान्य नव्हता, आणि ते हे कोणापासून लपवतही नव्हते. एका सकाळी मी समोरच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होते तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. वर्गात धडा वाचावा तसा ठासून, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. मी दारापाशी गेले. माय भिंतीला टेकून बसली होती, पदर डोक्यावर. मास्तर आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर, आणि मांडीवर आमचं शास्त्र.

त्यांचं झाल्यावर मी त्यांना अंगणात गाठलं. "मास्तर, मायनं तुमाले तरास दिला."

"तरास कायचा? आजी म्हनल्या, वाचून द्यान का. मी म्हनलं, शाळेत जाताना धा-पंधरा मिनिटं येत जाईन. मलेबी पाह्यचं व्हतं यात काय लिवलं हाय ते."

मला बरं वाटलं नाही. लाज वाटली, थोडा रागही आला. मायचा राग, मास्तरांचा, आणि कोणाचा ते नीट सांगता येत नाही. पण बाहेर माणसं होती. मी गेले.

तेव्हापासून मास्तर रोज आठच्या सुमारास यायचे. मायच्या आवडीचे अध्याय वाचायचं त्यांनी नाकारलं. म्हणाले, पुस्तक वाचायचं तर पहिल्या पानापासून. मग वंशावळ्या आल्या, मंडपाची मापं आली, यज्ञाचे नियम आले. वडील हे भाग सोडून द्यायचे. मास्तरांनी एक ओळ सोडली नाही. माय तेही ऐकायची. कधी तिला काही कळलं नाही तर ती मध्येच विचारायची, आणि मास्तर मागचं दोनदा वाचून अर्थ लावायचे, गणित समजवावं तसा.

एकदा तिनं विचारलं, "मास्तर, हे खरं हाय असं तुमाले वाटते का?"

"आजी, मी वाचून राह्यलो. खरं का खोटं ते तुमी ठरवा."

"मंग तुमी येता काहून रोज?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "माह्या मायलेबी वाचता येत नव्हतं," ते म्हणाले. "तिले कोनी वाचून दाखवलं नाई."

फक्त एकदा मायनं हट्ट करून त्यांच्याकडून मधलं पान वाचून घेतलं. दोन बहिणींची गोष्ट. प्रभू घरी येतात, एक बहीण त्यांच्या पायाशी बसून ऐकत राहते, दुसरी रांधण्यावाढण्यात गुंतलेली, आणि ती तक्रार करते. मी शेजारच्या खोलीत सुया उकळत होते. माय ही गोष्ट मला ऐकू यावी म्हणून वाचायला लावते आहे, असं मला वाटलं. कदाचित तसं नसेलही. गोष्ट संपली तेव्हा मास्तर म्हणाले, "पन आजी, दोघी बसल्या असत्या तं त्या दिवशी पाव्हन्याइले जेवू कोनी घातलं असतं?"

माय हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं. "ते बी खरंच हाय मास्तर," ती म्हणाली. मी स्टोव्हला पंप मारला, जोरात.

भादव्याच्या शेवटी साथ ओसरली. आमच्या पंचक्रोशीतली अकरा माणसं गेली होती, त्यातली सहा माझ्यासमोर. एका सकाळी दवाखाना रिकामा होता. मी आंघोळ केली, पुस्तक घेतलं आणि मायसमोर बसले.

"आता मी वाचते माय."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "मास्तर वाचते ना. तू नीज जराशी. किती काळी पडली."

मी आग्रह करायला हवा होता. मी पुस्तक खाली ठेवलं आणि निजले. त्या वेळी मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

मला वाटायचं, कामाचे दिवस सरतील, मग मी नीट बसेन. साथीनंतर हिवताप आला. दिवाळी झाली, कापूस वेचायला सुरुवात झाली, आणि वेचणीच्या दिवसांत बाया शेताच्या धुऱ्यावर बाळंत होऊ लागल्या. मी सायकलीवरून किन्हीराजा गावाच्या बाजूपर्यंत जायची. नाताळाला वाशीमहून तिथल्या चर्चचे पाळकसाहेब आले. चार घरांची माणसं आमच्या ओट्यावर बसली, त्यातही दोन बाया वेचणीहून तशाच आलेल्या, केसांत कापसाचे धागे. गायन झालं. मी सगळ्यांसोबत गायले आणि गाताना दुसऱ्या दिवशीच्या एका अवघड बाळंतपणाचा विचार करत होते.

माणसं गेल्यावर मी पाळकसाहेबांना म्हटलं, "मले आता काहीच वाटत नाही. प्रार्थनेला बसले की भिंत दिसते."

ते थकले होते. त्यांना परतीची गाडी धरायची होती. "बाई, तुमचं काम हीच तुमची प्रार्थना," ते म्हणाले. "देव पाहतो."

हे वाक्य पुढं अनेकांनी मला ऐकवलं. ते कानाला गोड लागतं आणि म्हणूनच मी ते धरून बसले. त्या दिवशी कोणीतरी मला रागावायला हवं होतं. काम हे काम होतं. चांगलं होतं, गरजेचं होतं, पण त्यात मी कोणाशी बोलत नव्हते आणि माझ्याशीही कोणी बोलत नव्हतं.

संक्रांत झाली आणि मायला लकवा मारला. सकाळी चूल पेटवताना पडली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की वाशीमला नेऊन फार काही होणार नाही. मला ते माहीतच होतं.

मास्तर दुसऱ्या दिवशीही आठ वाजता आले आणि दारात उभे राहिले. मी म्हटलं, "मास्तर, आता मी वाचते. माझी माय हाय." ते मान हलवून गेले.

मी खाटेजवळ बसून वाचायला लागले. मायचे डोळे उघडे होते. मी तिच्या आवडीचं स्तोत्र काढलं, तिला लहानपणापासून पाठ असलेलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती. मला वाटलं, तिला कळत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठ वाजले की तिचे डोळे दाराकडे जायचे आणि तिथंच थांबायचे. चौथ्या दिवशी मी शेजारच्या घरी गेले.

"मास्तर, तुमीच या."

ते आले, खुर्चीवर बसले आणि जिथं थांबले होते तिथून पुढं वाचू लागले. कुठल्या तरी राजांची लढाई चालली होती. मायनं डोळे मिटले. तिचा डावा हात खाटेवर सैल पडला. मी पाणी आणायचं निमित्त करून बाहेर पडले.

माय पाच आठवडे राहिली. मी तिला धुतलं, कूस बदलली, पाठीवर व्रण पडू दिले नाहीत. तेवढं मला येत होतं. वाचायचे मास्तर.

ती गेली तेव्हा खड्डा तिच्या माहेरच्या माणसांनी, बौद्ध माणसांनी खणला, कारण आमच्या चार घरांत तितके हात नव्हते. पाळकसाहेबांना पोचायला उशीर झाला. तोवर तिचा भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुमचं काय म्हनायचं असते ते म्हन ना पोरी." सगळे थांबले होते. मी डोळे मिटले आणि तोंडात एक शब्द आला नाही. मी, जिनं वयाच्या दहाव्या वर्षापासून तिच्याशेजारी बसून प्रार्थना केली होती. पाळकसाहेब आले आणि त्यांनी ते पार पाडलं.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले. उभ्यानंच बोलले. "बाई, तुमाले चालत असन तं मी येत जातो सकाळी. तुमी तुमचं काम करा, मी वाचतो. अर्ध्याच्या वर झालं हाय."

"नको मास्तर," मी म्हटलं. "मले वाचता येते."

ते "बरं" म्हणाले. जूनमध्ये त्यांची रिठदला बदली झाली. जाताना बायको-मुलांसह निरोप घ्यायला आले, पुस्तकाचा विषय निघाला नाही. त्यांना नको म्हटलं ते मी म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

मग मी प्रयत्न केला, हे खरं आहे. त्या पावसाळ्यात साथ नव्हती. वेळ होता. मी रोज सकाळी चहा करून मायच्या जागी भिंतीला टेकून बसायची. वाचायची. शब्द कळायचे. मिटून ठेवायची. महिनाभरात मला समजलं की मी ज्याला माझा विश्वास समजत होते तो बहुतेक मायचाच होता. मी त्याच्या शेजारी बसत होते आणि त्याची ऊब माझ्या अंगाला लागत होती, एवढंच. धावपळीनं तो नेला असंही म्हणता येत नाही. धावपळीत मी उठून गेले, परतले तेव्हा जागा थंड झाली होती.

तो दवाखाना पुढं बंद झाला. मी वाशीमला आले, तिथंच नोकरी संपली. इथल्या चर्चची मंडळी मोठी आहे. मी दर रविवारी जाते. कोणाच्या घरी आजारपण आलं की बाया मला बोलावतात, म्हणतात, "ताई, तुम्ही प्रार्थना करा, तुमची प्रार्थना लागते." मी खाटेशी उभी राहते, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवते आणि करते. शब्द मला चांगले जमतात. बाया डोळे पुसतात. मी ताप किती आहे ते पाहते.