फाकलेल्या पायांचं पिल्लू

कळंबच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. वाचायला मात्र जुन्या भयकादंबऱ्या आवडतात. मागं एका वर्षी विज्ञान प्रदर्शनासाठी मी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब बसवून अंडी उबवली. कोंबडीशिवाय पिल्लं काढून दाखवायचीच, असा हट्ट होता. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली. तीन तुरुतुरु पळू लागली. चौथ्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले; उभं राहायला जायचं आणि पोटावर आपटायचं. प्रदर्शनात ते बरं दिसलं नसतं. मी ते कपाटाआड एका डब्यात ठेवून दिलं.

त्याच दुपारी मोकळ्या तासाला आठवीच्या मुलांना मी एका कादंबरीची गोष्ट सांगितली. एक शास्त्रज्ञ जिवाचं रान करून माणूस घडवतो, आणि त्यानं डोळे उघडताच त्याच्या रूपाला घाबरून पळून जातो. प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या ईट गावाकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मुलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "सर, मग त्याला पहिलं पाणी कुणी पाजलं?"

"कुणाला?"

"त्या केलेल्या माणसाला. बाप तर पळाला न्हवं."

ती कादंबरी मी कितीदा वाचली होती, पण हे कधी मनात आलं नव्हतं. मी डबा काढून त्यांच्यापुढं ठेवला.

त्या रागावल्या नाहीत. "मेंढी बी कवा कवा पिल्लाला जवळ घेत न्हाय. मग आमी तिला धरून पाजवतो," म्हणाल्या. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्यांनी पिल्लाचे पाय जवळ आणून सैलसर बांधले. "धरा तुमी. हळू. लई कवळं हाय."

माझ्या तळहातात ते थरथरत होतं. पुढचे काही दिवस मी त्याला ड्रॉपरनं पाणी पाजलं, कण्या भरवल्या. प्रदर्शनात चारही पिल्लं मांडली. परीक्षकांनी चिंधीकडं बोट दाखवलं, तेव्हा म्हणालो, "ऊब कमीजास्त झाली. चूक माझी." नंबर आला नाही.

चिंधी सोडली त्या दिवशी ते पडलं, उठलं, पुन्हा पडलं, आणि मग उभंच राहिलं. मावशींनी पदर डोळ्याला लावला. मीही खिडकीकडं वळलो.

आता ती कोंबडी मावशींच्या अंगणात असते. किंचित लंगडते, अंडी देते. मी गेलो तर ढुंकूनही बघत नाही. मावशींच्या मात्र पायात पायात करते.