खिशातली दुरुस्ती

"सर, हे बोलूनच नाई राहिलं."

संगीताने हेडफोन काढून माझ्यासमोर धरला. दहाला बारा मिनिटं कमी होती आणि परीक्षा दहाची. अमरावतीच्या एका कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब, शेवटच्या रांगेतलं मशीन. मी हेडफोन कानाला लावला. आत काहीच नव्हतं.

"काय केलं होतंस तू?"

"काई नाई. मराठी कीबोर्ड लावला अन् टाइप करून पाह्यलं. पयल्या शब्दालेच गप झालं."

हा बिघाड मला तोंडपाठ होता. अकरा महिन्यांपूर्वी मीच तो दुरुस्त केला होता.

संगीता मूर्तिजापूरची. तिला जन्मापासून दिसत नाही. लिपिकाच्या जागेसाठीची लेखी परीक्षा ती पास झाली होती, टायपिंगची चाचणी तेवढी बाकी होती. पुढची जाहिरात येईपर्यंत तिचं वय अटीच्या पलीकडे जाणार होतं. म्हणजे ही शेवटची संधी. मी अकोल्याच्या जुन्या शहरात अंध मुलामुलींच्या प्रशिक्षण केंद्रात कॉम्प्युटर शिकवतो आणि तिथली मशिनं सांभाळतो. दोन वर्षं ती रोज पॅसेंजरने येऊन माझ्याकडे टायपिंग शिकली.

न दिसणारा माणूस कॉम्प्युटर वापरतो तो स्क्रीन रीडरच्या जोरावर. पडद्यावर जे असेल ते हा प्रोग्राम मोठ्याने वाचतो. तुम्ही शब्द टाइप केला की तोही म्हणून दाखवतो. तो गप्प झाला की तुम्ही काय टाइप केलं, कुठे आहात, काहीच कळत नाही.

आमच्या केंद्रात पूर्वी एका कंपनीचा विकतचा स्क्रीन रीडर होता. एकाच मशीनवर चालायचा आणि पोरं त्याच्यापुढे रांग लावायची. त्याला मराठी येत नव्हती. कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं की या भाषेला मागणी नाही. मग मी ओपन सोर्सवाला शोधला. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा प्रोग्राम कसा लिहिलाय ते कोणालाही उघडून वाचता येतं आणि बदलताही येतं. जगभरातले लोक आपापल्या वेळात त्यावर काम करतात. तो फुकट होता आणि मराठी बोलत होता. सगळ्या मशिनांवर टाकला, मुलांच्या घरच्या लॅपटॉपवरही टाकला. मी तर त्याचा भक्तच झालो. जिथे भाषण करायला मिळेल तिथे त्याचे गोडवे गायचो.

त्यात एक खोट होती. मराठी कीबोर्ड लावून शब्द संपवला आणि स्पेस दाबली, की तो कधीकधी अडकायचा. एकदा अडकला की मशीन बंद करून चालू केल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. विकतचा असता तर मी चौथं पत्र लिहीत बसलो असतो. हा उघडा होता, म्हणून आत शिरलो आणि एका दुपारी चार ओळी बदलल्या. झालं काम. पेन ड्राइव्हवर घेऊन सगळ्या मशिनांवर फिरवलं. त्या दिवशी माझी छाती चांगली फुगली होती.

त्या चार ओळी प्रोग्राम बनवणाऱ्या मूळ मंडळींकडेही पाठवल्या. तिकडे कुठल्या तरी देशात बसलेल्या एका स्वयंसेवकाने दोन दिवसांत उत्तर दिलं. दुरुस्ती चांगली आहे, म्हणाला. हिंदी आणि बंगाली कीबोर्डवर तपासून कळवाल का? मग पुढच्या आवृत्तीत सगळ्यांसाठी घालू.

फार तर दोन तासांचं काम. पण इंग्रजीत लिहायचं, नीट तपासायचं, आणि आपली मशिनं तर मस्त बोलतायत. मी म्हटलं, करू आरामात. आमच्या सचिव मॅडमनी एकदा विचारलंसुद्धा.

"ते परदेशातल्या माणसाले उत्तर दिलं काय तुमी?"

"देतो मॅडम, या आठवड्यात."

तो आठवडा अकरा महिने चालला.

आता त्या लॅबमध्ये काय झालं ते सांगतो. परीक्षा घेणाऱ्यांनी नियमाप्रमाणे स्क्रीन रीडर थेट मूळ वेबसाइटवरून उतरवला होता. नवी कोरी आवृत्ती. माझ्या चार ओळी त्यात असणार कशा?

आणि त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आदल्या दिवशी त्यांनीच मला मशीन तपासायला बोलावलं होतं. मी आलो, मराठी फाइल उघडली, प्रोग्रामने ती खणखणीत वाचली. मी फॉर्मवर 'तपासले, योग्य आहे' असं लिहून सही ठोकली. मराठीत टाइप करून पाहिलंच नाही. माझ्या मशिनांवर तो बिघाड वर्षभर दिसला नव्हता, त्यामुळे तो जगातून गेला असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी मशीन बंद करून चालू केलं आणि परीक्षेचे केंद्रप्रमुख गावंडे साहेबांकडे धावलो.

"साहेब, माझ्याकडे दुरुस्ती आहे. पेन ड्राइव्हमध्ये. तीन मिनिटं द्या."

"पेन ड्राइव्ह नाई लावता येत सर. लेखी आदेश आहे."

"मग तिचा लॅपटॉप चालेल? बाहेर बॅगेत आहे."

"तेही नाई. तुमी असं करा, त्या कंपनीले फोन लावा. त्यायनं मले मेल टाकला का हे चालते म्हणून, तं मी वर विचारतो."

"कंपनी नाही साहेब."

"मंग मालक कोन आहे याचा?"

"कोणीच नाही. म्हणजे, सगळेच आहेत."

गावंडे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कीव आल्यासारखं. "सर, मी कोनाची सही घेऊ मंग? काल तं तुमीच सही देऊन गेले."

माणूस वाईट नव्हता. त्याने वरच्या अधिकाऱ्याला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा उचलला गेला नाही. दहा वाजले.

मी संगीताच्या कानाशी वाकून म्हणालो, "कदाचित अडकणार नाही. अडकलंच तर थांबू नकोस. बोटांवर भरोसा ठेव."

"हो सर," ती म्हणाली. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली.

मला बाहेर काढलं. दाराला काच होती आणि तिचं मशीन दाराला लागूनच, पडदा माझ्याकडे. वाचक उतारा वाचून दाखवणार आणि तिने तो दहा मिनिटांत टाइप करायचा. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत तिने मान किंचित तिरकी केली, हेडफोन कानावर दाबला आणि पुन्हा टाइप करू लागली. मला कळलं, गप्प झालं.

तिचा वेग सुरेख होता. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत सगळं बरोबर होतं. मग तिचा हात कुठेतरी चुकला. ठरावीक दोन बटणं एकत्र दाबली गेली की कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत जातो. दिसणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. स्क्रीन रीडर बोलत असता तर पहिल्याच अक्षराला तिला कळलं असतं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा पडू लागला आणि ती टाइप करत राहिली. ताठ बसून, एकदाही न थांबता. काचेतून मला अक्षर न् अक्षर दिसत होतं. आत जाता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं. मी ओरडलो असतो तर तिला बाद केलं असतं. तरी ओरडायला हवं होतं का, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

"सर, ते गप झालं होतं. पन मी थांबली नाई. पूर्ण उतारा झाला. जमलं असन नं?"

मी तिला तिथेच सांगितलं. लपवून काय करणार होतो? ती पिशवीत पाण्याची बाटली चाचपू लागली आणि म्हणाली, "आता गाडी किती वाजता आहे?"

फेरपरीक्षेसाठी आम्ही अर्ज केला. उत्तर एका परिच्छेदाचं होतं. सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे दिलेलं होतं आणि तज्ज्ञाने ते आदल्या दिवशी प्रमाणित केलेलं होतं. तज्ज्ञ म्हणजे मी. सोबत माझ्या सहीची झेरॉक्स जोडली होती. मॅडमनी ते उत्तर वाचून माझ्या टेबलावर ठेवलं.

त्याच दिवशी मी बसून हिंदीवर तपासलं, बंगालीवर तपासलं आणि त्या परदेशातल्या माणसाला कळवलं. पावणेदोन तास लागले. त्याने संध्याकाळच्या आत आभार मानले, उशिराबद्दल एक शब्द नाही. दीड महिन्याने नवी आवृत्ती आली. मराठीत टाइप करणारा कोणीही अंध माणूस आता ती उतरवू शकतो आणि ती मध्येच गप्प होत नाही.

लोक मला अजून विचारतात, फुकटचं सॉफ्टवेअर भरवशाचं असतं का? मी पूर्वीसारखं भाषण देत नाही. बिघडलं तर फोन करायला कोणी नसतं, एवढं सांगतो. ज्याला बिघाड ठाऊक आहे त्यानेच हात हलवायचे असतात. मला ठाऊक होता.

नवी आवृत्ती आली त्या आठवड्यात संगीताचा फोन आला. ती आता मूर्तिजापूरलाच असते, केंद्रात येत नाही.

"सर, नवीन टाकलं मी. चांगलं बोलून राहिलं. मुद्दाम दहा पानं टाइप करून पाह्यली, एकदा नाई अडकलं." मग म्हणाली, "त्याच्यात आभाराची यादी आहे. तुमचं नाव आहे त्याच्यात. मशीननं वाचून दाखवलं मले."

"तुझं पाहिजे होतं गं त्या यादीत," मी म्हणालो.

"नाई सर. माझं दुसऱ्या यादीत पाह्यजे होतं."

यात टोमणा नव्हता. होतं ते तिने सांगितलं. मग तिनेच विचारलं, "फोन ठेवू काय सर?"

हल्ली मी दुरुस्ती केली की ती आधी मूळ मंडळींना पाठवतो आणि मग आमच्या मशिनांवर टाकतो.