सलामी होऊ द्या

आपल्या अंगाला काठी लावणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे, असं माझे मामेसासरे शपथेवर सांगत. त्यांची काठी ज्याला लागली, असाही माणूस मला कधी भेटला नाही.

मामा नेरला राहतात. घरामागे त्यांचा लाठीकाठीचा आखाडा आहे, म्हणजे वर टिनाचं छप्पर आणि खाली लाल माती. शिष्य सध्या नाहीत. तरी मामा रोज आंघोळ करून तिथे जात आणि सलामी करत. आधी मातीला, मग उस्तादांच्या फोटोला, मग काठीला, मग एका पायावर गिरकी घेत चारही दिशांना. त्याशिवाय काठी फिरवणं म्हणजे त्यांच्या मते निव्वळ गुंडगिरी. एकदा परसातल्या पेरूवर वानर आला. मामा काठी घेऊन धावले आणि झाडाखाली सलामीला लागले. वानरानं ती मन लावून पाहिली, उत्तर दिशा झाल्यावर एक पेरू काखोटीला मारला आणि तो शेजाऱ्यांच्या टिनावरून निघून गेला. मामा घाम पुसत म्हणाले, "पाह्यलं काय जावईबुवा, एक तरी वार करा लागला काय मले?"

त्यांची लेक कराटे शिकवते. तिला वर्गासाठी आखाडा हवा होता, मातीवर मॅट अंथरून. हे ऐकल्यापासून मामा तिच्याशी बोलेनासे झाले. शेवटी एकदा जेवता जेवता म्हणाले, "मले हरव, मंग टाक तुह्या गाद्या."

पंच मी. मामांच्या हातात काठी, लेकीचे हात रिकामे. मी "सुरू" म्हणताच मामा वाकले. माती झाली, उस्ताद झाले, काठी झाली, पूर्व झाली. ते दक्षिणेकडे वळले तेव्हा लेकीनं मागून जाऊन काठी अलगद काढून घेतली आणि त्यांच्याच खांद्यावर टेकवली. जन्माला यायचा तो माणूस त्यांच्याच घरात जन्मला होता.

"सलामी चालू असताना हात लावत नसते, पोरी."

"बाबा, रस्त्यावरचा गुंडा तुमची सलामी होईपर्यंत थांबन काय?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामींकडे पाहिलं. मामी चहा ठेवायला गेल्या.

गाद्या आल्या. मामा आखाड्याकडे फिरकेनात, आणि काठी कपाटामागे गेली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यांना हसलो, त्यांना आता हसवेना.

परवा गेलो तेव्हा वर्ग सुटत होता. मुली एकमेकींना वाकून नमस्कार करत होत्या. मामा दारातून बघत होते. "हेही सलामीच होय," ते मला म्हणाले, "फकस्त लवकर उरकते." मग घरात जाऊन त्यांनी काठी आणली, आखाड्यात जाऊन मॅटचा एक कोपरा उचलला आणि मातीला हात लावला. मुली पिशव्या खांद्याला लावून निघाल्या होत्या. लेकीनं हात आडवा धरला.

"थांबा. बाबाची सलामी होऊ द्या."

बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मामांची पूर्व दिशा झाली. मग ते दक्षिणेकडे वळले, त्यांची पाठ आमच्याकडे झाली, आणि लेक जागची हलली नाही.