दोन बोटं जास्तीचं कापड

गफूरभाऊंची आणि माझी ओळख मापाच्या टेपने झाली. मी पाचवीत होते. वडील वनरक्षक, त्यांची बदली गोंडपिपरीला झाली आणि गणवेश शिवायला त्यांनी मला बसस्थानकासमोरच्या भाऊंच्या दुकानात नेलं. माप घेता घेता भाऊंनी मला एक कविता म्हणायला लावली. तो गणवेश मला तीन वर्षं पुरला. दर जूनमध्ये भाऊ शिवण उसवत आणि आत राखलेलं दोन बोटं कापड बाहेर काढत. "पोर तं वाढनारच हाये, मंग कपड्यानं काऊन अडवावं?" असं ते वडिलांना म्हणाले होते.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, होणारी नाटकं भाऊ लिहीत आणि नटांचे कपडेही तेच शिवत. माप द्यायला आलेल्या माणसाला ते बोलतं करत, त्याचा दम किती पुरतो ते ऐकत आणि त्या बेताने वाक्यं लिहीत. त्यांचे जुने मित्र मडावी गुरुजी बोलताना अडखळायचे. भाऊंनी त्यांच्यासाठी एक म्हातारा पाटील लिहिला. तो मध्येच थांबतो, सुपारी कातरतो आणि मग पुढचं बोलतो. त्या थांबण्यालाच टाळ्या पडायच्या. अडखळणं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

दर गुरुवारी दुपारी दुकानात कविता लिहिणाऱ्या आम्हा मंडळींची बैठक भरे. तिथला रिवाज असा, की आपली कविता आपण वाचायची नाही. ती दुसऱ्याने वाचायची, कवीने गप्प बसायचं, आणि जिथे ढिलं वाटेल तिथे भाऊ कापडावर आखायच्या निळ्या खडूने खूण करायचे. कॉलेजात असताना माझी पहिली कविता गुरुजींनी वाचली. बावीसपैकी सहा ओळी उरल्या. मी रडत बसस्थानकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने भाभी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, चहाचा कप घेऊन आल्या. भाऊंनी आदल्या दिवशी स्वतःची तीन पानं फाडली होती, हे त्यांनी मला सांगितलं आणि मी कप रिकामा करेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी भाऊंचे डोळे अधू होऊ लागले. गेलेली नजर परत येणार नाही, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. नवं नाटक दुसऱ्या अंकाशी थांबलं. तुम्ही सांगा, मी लिहिते, असं मी अनेकदा म्हणाले. "नाई पोरी, कात्री दुसऱ्याच्या हाती देऊन कापड नाई बेतत," एवढंच त्यांचं उत्तर. पुढे तर त्यांनी नाटकाचा विषयच बंद केला. मला भीती एकाच गोष्टीची होती. नजरेबरोबर भाऊंचं लिहिणंही जाईल.

अशात भाऊंच्या पंचाहत्तरीनिमित्त या गौरवग्रंथाचं ठरलं. पाच मित्रांनी भाऊंवर कविता लिहिल्या. समारंभापर्यंत त्या भाऊंना कळू द्यायच्या नाहीत, असं ग्रंथाच्या समितीने ठरवलं. संपादनाचं काम माझ्याकडे होतं. कविता वाचून मला अवघडल्यासारखं झालं. गुरुजींच्या कवितेत भाऊ वटवृक्ष झाले होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर देवाजीभाऊ यांच्या कवितेत दीपस्तंभ. शिवाय छापल्यावर भाऊ त्या वाचू शकणार नव्हते. आणि गुरुवारच्या बैठकीतून न गेलेली आमची एकही कविता आजवर छापून आलेली नव्हती. शेवटी समितीला न विचारता मी एका गुरुवारी कागदांचं पुडकं घेऊन, आता राहते त्या गडचिरोलीहून, गोंडपिपरीची बस पकडली.

रिवाजाप्रमाणे गुरुजींची कविता देवाजीभाऊंनी वाचली, देवाजीभाऊंची गुरुजींनी. भाऊ मान खाली घालून ऐकत होते.

"हे कोनाचं माप घेतलं बाप्पा?" ते म्हणाले. "मले तं खांद्यातच उतरून राह्यलं."

आतून भाभींचा आवाज आला, "वटवृक्ष म्हने. सकाळपासून चष्मा शोधून राह्यला वटवृक्ष. डोक्यावरच हाये त्याच्या."

सगळे हसले. भाऊंनी खिशातला खडू काढला, कागद जवळ ओढला. हात कागदावर फिरत राहिला. ओळ काही सापडेना. हसणं थांबलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मग भाऊंनी तो खडू माझ्यासमोर धरला.

"मी सांगतो तिथी खून कर."

वटवृक्ष गेला, दीपस्तंभ गेला. सुपारीचं का लिहिलं नाही, असं भाऊंनी गुरुजींना विचारलं. मग आपल्या अडखळण्याविषयी गुरुजींनी तिथेच चार ओळी सांगितल्या, अडखळतच. पुढच्या पानांवर आहेत त्या याच.

निघताना मी खडू परत देऊ लागले, तर भाऊंनी तो घेतला नाही.

"ठेव तुह्यापाशी. पुढच्या गुरुवारी कोरा कागद आन. तिसऱ्या अंकात म्हातारी दार उघडते, तिथून लिवू."

तेव्हापासून तिसऱ्या अंकाचे दोन प्रवेश झाले आहेत. भाऊ सांगतात, मी लिहिते, आणि पुढच्या गुरुवारी त्यातलं निम्मं ते उसवायला लावतात. त्यांना घाई नाही. आम्हालाही नाही.

भाऊ, तुमचा आवाज असाच खणखणीत राहो, हातापायांत बळ राहो आणि भाभींचे टोमणे तुम्हाला रोज ऐकू येवोत. पंचाहत्तर हे माप आम्ही आत्तापुरतं घेतलं आहे. शिवणीत कापड राखून ठेवलंय. दर वर्षी उसवायला येऊ.