माळ्यावरचा कॉम्प्युटर

जुन्या बाजारातून मी माझाच कॉम्प्युटर विकत आणला, आणि घरी येईपर्यंत मला ते कळलं नाही.

चादरीवर मांडलेला तो काळा, पुस्तकाएवढा डबा दिसला आणि मी तिथेच उकिडवा बसलो. खोडरबरासारखी मऊ बटणं, टीव्हीला जोडायची वायर, प्रोग्रॅम भरायला टेपरेकॉर्डर. विकणाऱ्याला मीच सगळं समजावून सांगितलं, की हा तासाभरात उजवीकडून तापतो आणि वीज गेली की शिकवलेलं सगळं विसरतो. बटणांच्या फटीत दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं, वायरीवर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ. म्हटलं, याचा आधीचा मालक माझ्यासारखाच कुणी वेडा असणार!

"आपल्या माळ्यावरच्याला जोडीदार आणलाय," मी घरी आल्या आल्या बायकोला म्हणालो. ते ठिगळ बघून तिला हसू आवरेना.

"माळ्यावर कुठला? दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिला की मी."

मला न विचारता! जिवाभावाचा सोबती असा परस्पर घराबाहेर जातो आणि आपण खाली निर्धास्त जेवत असतो. केवढा हा घात! वीज गेली की विसरतो म्हणून त्या डब्याला मी किती नावं ठेवायचो. त्याचे सगळे गुणदोष मला पाठ, पण माझ्याच हातचं ठिगळ मला परक्याचं वाटलं. तरीही मी गुरगुरलोच, "निदान विचारायचंस तरी!"

"अहो, तुम्ही त्याला विसरलात असं वाटलं, म्हणून दिला," ती म्हणाली. "आज खात्री पटली."