दोन्ही रकान्यांत एकच नाव

नियमदादा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण चौतीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केलेल्या या माणसाला दुसरं नाव शोभलंही नसतं. राखीव जंगलातली वाळकी काटकीसुद्धा त्यांनी कधी घरी आणली नाही. "चहात साखर घालू, की वरून परवानगी येऊ द्यायची?" असं बायको विचारायची.

त्या जंगलात घाणेरी माजली. कधीकाळी कुणीतरी बंगल्याच्या कुंपणाला हौसेनं लावलेलं हे परदेशी झुडूप; त्याच्या जाळीखाली एकही रोप तग धरेना. म्हातारी झाडं तेवढी उभी, लेकरं नाहीत. पण कायद्यानं राखीव जंगलातलं काहीही तोडणं गुन्हा, आणि त्या 'काहीही'त घाणेरीही आली. दादांनी सात वर्षांत परवानगीचे अकरा अर्ज केले. उत्तर एकाचंही नाही.

निवृत्तीला नऊ महिने उरले तेव्हा त्यांनी एका उतारावरची घाणेरी मुळासकट उपटली. संध्याकाळी हातावरचे ओरखडे धुतले आणि गुन्ह्याचा अहवाल लिहायला बसले. बायकोनं डोकावून पाहिलं.

"अहो, आरोपीही तुम्हीच आणि पकडणारेही तुम्हीच?"

"अर्ज कितीही वर्षं पडून राहतो. गुन्ह्याची सुनावणी मात्र महिन्याच्या आत घ्यावीच लागते."

"आणि पेन्शन गेली तर?"

दादांनी पुढची ओळ लिहायला घेतली. तिनं कागद दिव्याकडे वळवून वाचला. मग म्हणाली, "तारीख तरी नीट घाला. तुमचा नऊ एकासारखा दिसतो."

कचेरीत साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "दादा, आरोपी पळून जायची भीती आहे का?"

"नाही साहेब. माझी नजर आहे त्याच्यावर."

साहेब हसले, पण जागा पाहणं भागच होतं. दोन आठवड्यांनी ते गेले, तोवर उतारावर बोटाएवढी रोपं वर आली होती. साहेब उकिडवे बसले. "ही कुणी लावली?"

"देवानं केव्हाच पेरून ठेवली होती. उजेड तेवढा आपण अडवला होता."

पेन्शन वाचली, सेवापुस्तकात एक ताकीद लागली, चौतीस वर्षांतली पहिली. साहेबांनी तो अहवाल वर पाठवला. सात महिन्यांनी आदेश आला: यादीतली परदेशी झुडपं उपटायला वनरक्षकाला परवानगीची गरज नाही. यादीत पहिली घाणेरी.

"मग ती ताकीद खोडून घ्या आता," बायको म्हणाली.

"का? तेव्हा गुन्हाच होता तो."

नोकरीचे सहा आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी दादा तासभर आधीच निघाले. पिशवीत हातमोजे तिनंच घालून ठेवले होते.